होडी कोण धरून ठेवते?

२०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीने बडोद्यात २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, पाणी ३५ फुटांच्याही वर गेले आणि शहरातल्या रस्त्यांवर रिक्षांच्या जागी होड्या फिरू लागल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या सहाव्या बटालियनचा तळ बडोद्याजवळच, जरोदला आहे. या दलाच्या हवा भरलेल्या, मोटर लावलेल्या रबरी होड्या पुराच्या वेळी थेट सोसायट्यांच्या फाटकांतून आत शिरतात. समजा, कारेलीबागेतल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या आजींना उतरवून घ्यायचे आहे आणि तेवढा वेळ होडी एका जागी थांबवायची आहे. रस्त्यावरून पाणी जोरात वाहते आहे. नांगर टाकला तर होडी थांबेल का?

थांबणार नाही. बाजारातला सर्वांत महागडा नांगर टाकला तरी नाही. त्या पाण्याखाली डांबर आहे, काँक्रीट आहे, फरशी आहे. नांगराचे टोक त्यावर खरखरत राहील आणि होडी त्याला ओढत पुढे जाईल. तिथे उपयोगी पडतो तो फाटकाचा खांब किंवा जिन्याचा कठडा, आणि त्याला मारलेला दोराचा वेढा.

हाच नांगर विश्वामित्रीच्या मूळ पात्रातल्या गाळात किंवा महीच्या मुखाजवळच्या चिखलात टाकला, तर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओढा सहन करतो. लोखंड तेच, वजन तेच. बदलला तो फक्त तळ. होडीला धरून ठेवणारी शक्ती तळाच्या मातीत असते. त्या मातीत शिरणे एवढेच नांगराचे काम, आणि त्याला शिरू देणे हे दोराचे. लहान होडीसाठी नांगर निवडताना आणि टाकताना जे काही नियम सांगितले जातात, ते सगळे या दोन वाक्यांतून निघतात.

ओढा किती?

आधी होडीवर किती जोर येतो ते पाहू. पाच-सहा मीटरची, बाहेर मोटर लावलेली साधी होडी घ्या. ती वाऱ्याकडे तोंड करून उभी असली, तर वाऱ्याला साधारण ३ चौरस मीटर क्षेत्र मिळते असे धरू. ताशी ३६ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा अशा होडीला सुमारे १८ किलो वजनाइतक्या जोराने मागे रेटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ७२ किलोमीटरच्या वादळी वाऱ्यात हाच आकडा ७०च्या पुढे जातो. त्यात लाटांचे हिसके आले तर तेवढ्या क्षणापुरता ओढा आणखी वाढतो.

पाण्याचा हिशेब वेगळा आहे. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट आहे. वरून वारा अजिबात नसला, तरी चालत्या माणसापेक्षा थोडा वेगवान प्रवाह होडीच्या बुडाला तितक्याच जोराने ढकलू शकतो, जितका चांगला सणसणीत वारा तिच्या वरच्या भागाला ढकलतो. नदीत आणि खाडीत नांगर टाकणाऱ्याने म्हणूनच आभाळाआधी पाणी पाहावे.

आता या जोराला नुसत्या वजनाने अडवायचे ठरवू. दोराला काँक्रीटचा ठोकळा बांधून टाकणे हा तलावांवर सर्रास दिसणारा उपाय. आर्किमिडीजचा नियम इथे आडवा येतो. काँक्रीट पाण्याच्या साधारण २.४ पट जड, त्यामुळे पाण्यात गेल्यावर ठोकळ्याचे ४० टक्क्यांहून जास्त वजन नाहीसे होते. २० किलोचा ठोकळा तळाशी जेमतेम १२ किलोचा उरतो. घर्षण त्याच्या निम्मे धरले, तर तो सरकायला ६ किलोचा ओढा पुरतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याला पुरून उरायचे, तर ठोकळा ६० किलोंचा हवा; वादळाला तोंड द्यायचे, तर अडीचशे किलोंचा. पाच मीटरच्या होडीत तो ठेवणार कुठे आणि वर ओढणार कोण? गाळात रुतून बसलेला ठोकळा थोडा जास्त तग धरतो, पण कोरड्या वजनात जे भारी वाटते ते पाण्याखाली फसवे निघते, हा मुद्दा उरतोच. लोखंड पाण्यात फक्त १३ टक्के वजन गमावते, तरी केवळ वजनावर विसंबायचे तर लोखंडही पुरत नाही.

दगडाला लाकडाचे दात

हे गणित आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी फार पूर्वी ओळखले होते. खंबातच्या आखाताच्या टोकाशी असलेल्या लोथलमध्ये, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या हडप्पाकालीन वसाहतीत, पुरातत्त्वज्ञ शि. रा. राव यांना भोके पाडलेले दगड मिळाले. त्यांनी ते नांगर असल्याचे मत मांडले. पुढे द्वारकेच्या समुद्रात राव यांनी आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सागरी पुरातत्त्वज्ञांनी अनेक वर्षे बुड्या मारल्या, तेव्हा तळावर दगडी नांगर मोठ्या संख्येने सापडले. त्यांत तीन घडणी दिसतात. एक, मध्यभागी भोक असलेला गोल दगड. दुसरी, त्रिकोणी दगड; वरच्या टोकाला दोरासाठी एक गोल भोक आणि खाली दोन चौकोनी भोके. तिसरी, उंच, वर निमुळता होत जाणारा चौकोनी दगडी खांब. त्यालाही वर दोराचे भोक आणि खाली एकमेकांशी काटकोनात कोरलेली दोन आयताकृती भोके. या तिसऱ्या प्रकाराला अभ्यासक इंडो-अरबी नांगर म्हणतात. मध्ययुगात अरबी समुद्र ओलांडणारी गलबते तो वापरत.

खालची ती चौकोनी भोके कशासाठी? त्यांतून लाकडाच्या अणकुचीदार दांड्या आरपार घालत. दगडाने नांगर तळाशी न्यायचा आणि दांड्यांनी तळात रुतायचे, अशी ही वाटणी होती. तिसऱ्या प्रकारात भोके काटकोनात असल्यामुळे दगड कोणत्याही कुशीवर पडला, तरी एक ना एक दांडी खालच्या दिशेला येतेच. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग परिसरातही असे दगडी नांगर मिळाले आहेत. मराठा आरमाराच्या काळातही या किनाऱ्यावर हे तंत्र अनोळखी नव्हते. वजनापेक्षा पकड महत्त्वाची, ही गोष्ट त्या दगडांत कोरलेली दिसते.

तळावर विसंबण्याची हीच समज वसई, वर्सोवा, सातपाटीच्या कोळ्यांच्या डोल जाळ्यात आहे. भरती-ओहोटीच्या धावत्या पाण्यात तोंड उघडे ठेवून पिशवीसारखे जाळे लावायचे, तर त्यावर प्रचंड ओढा येतो. त्यासाठी पारंपरिक पद्धतीत लाकडाचे खुंट समुद्रतळात खोल ठोकतात आणि जाळे त्यांना बांधतात. वजन टाकण्यापेक्षा तळात शिरणे खात्रीचे, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

माती कशी धरते?

नांगराचे पाते तळात शिरले की त्याच्यासमोरची माती त्याच्या वाटेत उभी राहते. होडी पुढे जायची, तर पात्याने तेवढी माती कापली पाहिजे, वर उचलली पाहिजे किंवा बाजूला सारली पाहिजे. पाते जितके रुंद आणि जितके खोल, तितकी जास्त माती या झटापटीत ओढली जाते. नांगराचे स्वतःचे वजन मग गौण ठरते. चांगल्या तळात नीट रुतलेला ५ किलोचा आधुनिक नांगर त्याच्या वजनाच्या वीस-तीस पट ओढा सहज झेलतो.

रेती आणि चिखल मात्र वेगवेगळ्या रीतीने धरतात. रेतीत कण एकमेकांवर घासतात आणि एकमेकांत अडकतात. वरच्या रेतीचा दाब जितका जास्त, तितकी ही अडकण घट्ट. रेतीत नांगर कमी खोल गेला तरी चांगला धरतो, पण आत शिरण्यासाठी त्याला टोकदार, धारदार पाते लागते. रेतीचा आणखी एक गुण ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५मध्ये सांगितला. घट्ट बसलेली रेती सरकवायला गेले की ती आधी फुगते, कारण एकमेकांत बसलेले कण बाजूला व्हायला जागा मागतात. पाण्याखाली त्या वाढलेल्या पोकळ्यांत पाणी शिरायला वेळ लागतो. तोवर आत शोषण तयार होते आणि रेती आणखी घट्ट धरते. म्हणजे अचानक हिसका दिला, तर नीट न रुतलेला नांगरही क्षणभर पक्का वाटतो. त्याची खरी परीक्षा सलग ताणात होते.

चिखलात घर्षणापेक्षा बारीक कणांचा चिकटपणा काम करतो. तो रेतीच्या मानाने फार कमी असतो, त्यामुळे पाते मोठे लागते आणि खोल जावे लागते. शिवाय चिकणमाती ढवळली की मऊ पडते आणि स्वस्थ ठेवली की हळूहळू पुन्हा ताकद धरते. आखातातल्या मऊ गाळात नांगर टाकून लगेच मोटर मागे रेटली, तर तो लोण्यातून सुरी जावी तसा निघून येतो. हलक्या ताणावर पंधरा-वीस मिनिटे ठेवला आणि मग ताण वाढवला, तर तोच नांगर धरतो.

खडकात माती नाही, त्यामुळे नांगर कपारीत अडकला तरच होडी थांबते, आणि अडकला तर सुटेलच याची खात्री नाही. शेवाळ आणि पाणवनस्पतींचा दाट थर हा सर्वांत फसवा तळ. पाते वनस्पतींच्या जाळीत गुंततेसे वाटते, मातीपर्यंत पोचतच नाही, आणि वारा वाढला की सगळा झुबका मुळासकट उपटून येतो.

तळ कसा आहे हे वरून कसे कळणार? जुने नाविक दोरीला शिशाचे वजन बांधून खोली मोजत. वजनाच्या बुडाशी एक खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली असे. वर काढले की चरबीला चिकटून आलेली रेती, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा तळाची जात सांगे. काहीच चिकटले नाही तर खाली खडक समजायचा. समुद्रासाठी आज डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे आहेत, ज्यांत खोलीबरोबर तळाचा प्रकारही दिलेला असतो. तलावासाठी असा नकाशा नसतो. तिथे शिशाचे वजन आणि थोडे ग्रीस आजही चालते.

कोणता नांगर?

तळाची जात कळली की निवड सोपी होते.

होड्यांवर सर्वांत जास्त दिसतो तो चार-पाच वाकड्या आकड्यांचा, कधी मिटवता येणारा छोटा नांगर. खडकाळ तळावर तो चांगला, आकडे कशाततरी अडकतात. चिखलात आणि रेतीत त्याचे बारीक आकडे रेषा ओढत जातात. स्वस्त आणि आटोपशीर असल्यामुळे तो घेतला जातो आणि नेमक्या चुकीच्या तळावर वापरला जातो.

चित्रांत, बिल्ल्यांवर, गणवेशांवर दिसणारा दोन फाळांचा आणि वर आडवी दांडी असलेला नांगर जुन्या जहाजांचा. आडवी दांडी त्याला कुशीवर पाडते आणि एक फाळ खाली वळवते. खडक आणि शेवाळ यांत तो आजही उपयोगी आहे. पण त्याचा दुसरा फाळ तळाच्या वर उघडा राहतो. होडी फिरली की दोर त्यात गुंततो आणि नांगर उपटला जातो. शिवाय तो पकडीच्या मानाने जड असतो.

या उणिवेवर उत्तर शोधले केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री इन्ग्रॅम टेलर यांनी. प्रवाही पदार्थांच्या गतिशास्त्रातले ते विसाव्या शतकातले मोठे नाव, आणि स्वतः शिडाच्या होडीतून दूरवर भटकणारे. १९३३मध्ये त्यांनी शेतातल्या नांगराच्या दुहेरी फाळाच्या आकाराचा, बिजागरीने दांड्याला जोडलेला नांगर तयार केला. तो सीक्यूआर नावाने विकला गेला. ओढा पडला की तो आणखी खोल जातो, आणि वारा फिरला तर बिजागरीमुळे दांडा वळतो, फाळ जागचा हलत नाही. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना हलका पण भक्कम नांगर हवा होता, ही गरज त्यामागे होती. विमानात वजनाची चैन परवडत नाही, म्हणून पकड आकारातून काढावी लागली.

अमेरिकेत रिचर्ड डॅनफर्थ यांनी १९४०च्या सुमारास दोन रुंद, सपाट, हलत्या पात्यांचा नांगर आणला. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या नौका तो वापरत. किनाऱ्याकडे येताना मागे नांगर टाकायचा आणि सैनिक उतरले की त्याच दोरावर स्वतःला ओढून रेतीतून सुटायचे. वजनाच्या मानाने या नांगराची पकड फार मोठी, आणि मोठ्या पात्यांमुळे चिखलातही तो चांगला. मात्र पाते आणि दांडा यांच्यातला कोन तळाप्रमाणे हवा: रेतीसाठी साधारण ३० अंश, मऊ चिखलासाठी ४५-५० अंश. त्याची खोड अशी की ओढ्याची दिशा उलटली आणि तो एकदा उपटला, की पात्यांत दगड किंवा शिंपला अडकून पुन्हा रुतायला नकार देऊ शकतो.

१९७०च्या दशकात पीटर ब्रूस यांचा, पंजासारख्या तीन पाकळ्यांचा नांगर आला. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींच्या कामातून तो घडला. तो पटकन रुततो, पण वजनाच्या मानाने कमी धरतो. गेल्या काही दशकांतले नवे नांगर, उदाहरणार्थ न्यूझीलंडच्या पीटर स्मिथ यांचा रोक्ना, खोलगट पात्याचे आणि टोकदार असतात. पात्यावर एक कमानदार दांडी असते. नांगर उलटा पडला तर ती त्याला लोळवून सरळ करते. बहुतेक तळांवर चांगले काम देणारा एकच नांगर घ्यायचा असेल, तर आज या घडणीकडे बोट दाखवले जाते. पाच मीटरच्या होडीला असा चार-पाच किलोचा नांगर पुरतो.

कोनाचे राज्य

नांगर कितीही उत्तम असला, तरी दोर आखूड असेल तर तो वाया जातो. कारण कोनात आहे. गरब्याच्या मांडवाची खुंटी आडव्या ओढीला दाद देत नाही, पण सरळ वर ओढली की हातात येते. नांगराचेही तसेच आहे.

नियम असा सांगतात: पाण्याची खोली आणि पाण्यापासून नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची उंची यांची बेरीज करा. शांत हवेत त्याच्या पाचपट दोर सोडा, वारा असेल तर सातपट, वादळात दहापट. तीनपट दोर असला तर ताणलेल्या दोराचा तळाशी कोन १९ अंशांच्या पुढे जातो. पाचपटीला तो साडेअकरा अंश होतो आणि सातपटीला ८ अंशांवर येतो. ८ अंशांच्या कोनात ओढ्याचा फक्त सातवा हिस्सा नांगराला वर उचलतो, बाकी सगळा त्याला मातीत खोल नेतो.

दोराच्या नांगराकडच्या टोकाला साखळी लावतात ती याच कोनासाठी. साखळी वजनाने तळावर पडून राहते आणि नांगराच्या दांड्याला आडवे ठेवते. त्यातही एक मर्यादा आहे. सर्व दोरच साखळीचा आहे, जाडी ८ मिलिमीटर, आणि तळापासून नाळेपर्यंत उंची ५ मीटर असे धरून हिशेब केला, तर १८ किलोच्या ओढ्याला सुमारे १३ मीटर साखळी पुरते. ७३ किलोच्या ओढ्याला मात्र २५ मीटर लागते. वारा दुप्पट झाला की साखळीही जवळजवळ दुप्पट हवी. त्याहून जास्त ओढा आला की साखळी तारेसारखी ताठ होते आणि प्रत्येक लाटेचा हिसका थेट नांगरावर जातो. म्हणून लहान होडीसाठी होडीच्या लांबीइतकी साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर, ही जोडी चांगली. नायलॉन ताणला जातो आणि हिसका पोटात घालतो. बाजारात स्वस्तात मिळणारा निळा-हिरवा पॉलिप्रॉपिलीनचा दोर इथे नको. तो पाण्यावर तरंगतो, मोटरच्या पंख्यात अडकतो आणि उन्हात ठिसूळ होतो.

आता हे गणित आपल्या आखातात नेऊ. बडोद्याहून अनेक जण जंबुसर तालुक्यातल्या कावी-कंबोईला जातात. तिथले स्तंभेश्वर महादेवाचे मंदिर भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा वर येते. खंबातचे आखात तोंडाशी रुंद, आत निमुळते आणि उथळ; आत येणारी भरतीची लाट दोन्ही बाजूंनी आवळली जाते आणि उंच होते. भावनगरजवळ उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्याही पुढे जातो. मुंबईत तो जास्तीत जास्त ५ मीटरच्या आसपास, गोव्यात दोनच्या आसपास असतो.

समजा, अशा पाण्यात ओहोटीला खोली ३ मीटर आहे आणि नाळ पाण्यापासून १ मीटर उंच. बेरीज ४, पाचपट म्हणजे २० मीटर दोर. हिशेब बरोबर. सहा तासांत पाणी ८ मीटर चढले. आता उंची १२ मीटर झाली आणि दोर तोच २० मीटर. प्रमाण पाचपटीवरून पावणेदोन पटीच्याही खाली आले, कोन ३७ अंशांवर गेला, आणि ओढ्याचा ६० टक्के भाग नांगराला वर उपटू लागला. नांगर टाकताना काहीच चूक झालेली नव्हती. पाणी वाढले एवढेच. तिथे मोजमाप भरतीच्या उंचीवरूनच करायला हवे, म्हणजे ६० मीटर दोर. मग ओहोटीला होडी त्या दोरावर साठ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरणार, हेही गृहीत धरून जागा निवडायची. सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टके त्यासाठीच असतात.

भरती संपून ओहोटी लागते तेव्हा प्रवाह उलटतो आणि होडी नांगराच्या दुसऱ्या बाजूला जाते. नांगर वळतो किंवा उपटून पुन्हा रुततो. प्रत्येक पालटाला थोडा वेळ जागे राहून तो पुन्हा धरतोय का हे पाहण्याला पर्याय नाही.

टाकण्याची रीत

नांगर टाकणे म्हणजे भिरकावणे नव्हे. होडीचे तोंड वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे, जो जास्त जोराचा असेल तिकडे करायचे. ठरलेल्या जागेच्या थोडे पुढे जाऊन थांबायचे. नाळेवरून नांगर हाताने सावकाश सोडायचा, तळ लागेपर्यंत. मग होडीला मागे वाहू द्यायचे आणि तिच्या वेगानेच दोर सोडत जायचे, म्हणजे साखळी तळावर सरळ पसरते. एकदम सगळा दोर टाकला, तर साखळीचा ढीग नांगरावरच पडतो आणि पात्यात गुंततो.

ठरलेल्या लांबीच्या निम्मा दोर गेला की तो अलगद अडवायचा. टोक तळात शिरू लागते. बाकीचा दोर सोडून पुढच्या खुंटीला पक्का बांधायचा आणि मोटर उलट दिशेने हळूहळू वाढवत न्यायची. इथे रेनॉल्ड्स यांची रेती लक्षात ठेवायची: हिसका देऊन समाधान मानू नये, अर्धा-एक मिनिट सलग ताण द्यावा. हात दोरावर ठेवला तर उत्तर बोटांना कळते. नांगर खरखरत सरकत असेल तर दोर थरथरतो. रुतला असेल तर ताण वाढून स्थिर होतो. मऊ गाळात ही परीक्षा घेण्याआधी त्याला वेळ द्यायचा.

मग काठावरच्या दोन खुणा निवडायच्या, एक जवळची, एक दूरची, एका रेषेत दिसणाऱ्या: पुढचे झाड आणि मागची पाण्याची टाकी. त्या एकमेकींपासून सरकू लागल्या की होडी सरकते आहे. मोबाइलमधली नांगर-गजराची अ‍ॅप्स उपग्रहाच्या आधारे हेच काम करतात, पण बॅटरी संपल्यावरही झाड आणि टाकी जागेवर असतात.

मागच्या बाजूने कधीही नको

लहान होडीच्या बाबतीत एक नियम अपवाद मानत नाही: नांगराचा दोर मागच्या बाजूला बांधायचा नाही. मागची बाजू बसकी असते, मोटरच्या वजनाने आणखी दबलेली. प्रवाहाने किंवा लाटेने तिथे दोर ताणला की पाणी थेट आत येते. २००९च्या २८ फेब्रुवारीला अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून दूर, मेक्सिकोच्या आखातात मासेमारीला गेलेल्या चार मित्रांचा नांगर तळात अडकला. तो सोडवण्यासाठी त्यांनी दोर मागे बांधला आणि मोटर पुढे रेटली. २१ फुटांची ती होडी उलटली. चौघेही धडधाकट, दोघे तर अमेरिकी व्यावसायिक फुटबॉल खेळलेले. थंड पाण्यात एकटाच वाचला.

अडकलेला नांगर सोडवायची सुरक्षित रीत अशी. होडी नांगराच्या वर आणायची, दोर नाळेवर उभा ताणून बांधायचा, आणि लाटांच्या चढउताराला त्याला हळूहळू उपटू द्यायचे. न जमल्यास ज्या दिशेने रुतला त्याच्या उलट बाजूने ओढून पाहायचे. खडकाळ जागी आधीच नांगराच्या पुढच्या टोकाला दुसरी बारीक दोरी आणि तिच्या वर तरंगता डबा बांधून ठेवावा. ती ओढली की नांगर मागच्या मागे निघतो. काहीच जमले नाही तर दोर कापावा. म्हणून सुरी हाताशी हवी. पाण्यात उतरून सोडवण्याचा पर्याय विश्वामित्रीत तर विचारातही आणू नये. भरवस्तीतून वाहणाऱ्या या नदीत मगरी राहतात.

पुराच्या धावत्या पाण्यात तर नांगर टाकूच नये. वाहून येणारी झाडे, पत्रे, झुडपे ताणलेल्या दोरावर अडकत जातात, ओढा मिनिटागणिक वाढतो आणि होडीची नाळ खाली ओढली जाते.

ब्रेक नसलेले वाहन

होडीला ब्रेक नसतो. मोटर बंद पडली आणि वारा खडकाकडे किंवा प्रवाह बंधाऱ्याकडे नेऊ लागला, तर तिला थांबवणारी एकच वस्तू होडीत असते. म्हणून नांगर हा मुक्कामाच्या सोयीपेक्षा संकटाच्या सोयीचा जास्त. अर्थात तो पहिला नाही. कारेलीबागेशेजारच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीची होडी उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सगळ्यांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते. त्या दोन गोष्टी आधी, नांगर त्यांच्यानंतर.

पण नंतर म्हणजे नगण्य नव्हे. तलावात फिरवणाऱ्या, खाडीत मासे धरणाऱ्या किंवा पूर आला की गल्लीत उतरणाऱ्या कुठल्याही होडीत नांगर नाळेजवळ, हाताला लागेल असा ठेवावा. साखळी आणि दोर जोडणाऱ्या शॅकलची खीळ तारेने बांधून टाकावी, कारण सततच्या हालचालीने ती उलगडते. दोर दर पाच मीटरला रंगाने खुणावावा, म्हणजे अंधारातही किती गेला ते कळते. आणि दोराचे दुसरे टोक होडीला बांधलेले आहे ना, हे काठावरच पाहून घ्यावे. खोल पाण्यात ते आठवेपर्यंत नांगर आणि दोर दोघेही तळाशी पोचलेले असतात.